खरा काळा

शनिवारी दुपारी बारा वाजता दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात अरुणाताई बोरकरांनी पिशवीतून साडी काढली आणि मॉनिटरच्या शेजारी धरली.

काउंटरवरच्या तिन्ही मॉनिटरवर एकच फोटो होता, त्याच साडीचा. तो त्यांनीच काढलेला, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनीच दुरुस्त केलेला. साड्यांचा ऑनलाइन धंदा विनयाचा; साड्या येवल्याहून ती आणायची, वेबसाइटवरचे फोटो अरुणाताईंचे. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. यंदा संक्रांतीसाठी काळ्या म्हणून विकलेल्या साड्या परत येऊ लागल्या. तक्रार एकच: फोटोत काळी, हातात निळी. चांगला मॉनिटर घ्या, असं विनयानेच सुचवलं. त्यानंतरही साड्या परत आल्या तर फोटोंचं काम गुरुग्रामच्या स्टुडिओकडे जाईल, हेही तिने सांगून टाकलं होतं.

"ये वाला लीजिए, मॅडम," विक्रेता म्हणाला. "रंग एकदम सच्चे. बस, काला थोड़ा फीका लगेगा. और इसमें काला गहरा है, पर बगल से देखो तो रंग बदल जाता है."

"बगल से कौन देखेगा? मैं तो सामने बैठती हूँ."

त्यांची मुलगी अपूर्वा हसली. अरुणाताईंनी साडीचा पदर पहिल्या पडद्याजवळ नेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दुसऱ्यापाशी परत आल्या.

"हाच. बघ गं अपूर्वा, साडी आणि फोटो. तंतोतंत!"

अपूर्वाने बघितलं. फोटोतली साडी काळी होती. आईच्या हातातली निळी होती. गडद, पण निळी. तिने विक्रेत्याकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं. तो खाली बघून पडद्याची कड पुसू लागला.

"आई, या फोटोत तू नक्की काय केलंस?"

"काही नाही. कॅमेरा उगाच निळसर झाक आणतो, ती काढली. नेहमीच काढते."

"झाक नव्हती ती. साडीच निळी आहे, यार."

"इथल्या लाइटमध्ये वाटते तशी. करोल बागेत ब्लाउजपीस घेताना तुला किती वेळा सांगितलंय, दुकानातल्या लाइटवर रंग ठरवायचा नाही. चल बाहेर."

त्यांनी पिशवी उचलली. विक्रेत्याने दार उघडून धरलं.

बाहेर चौकात लख्ख ऊन होतं. अरुणाताईंनी साडी हातभर लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली.

"काळी," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेली एक मुलगी समोरून येत होती. अरुणाताईंनी तिला थांबवलं.

"बेटा, एक मिनट. ये कौन सा रंग है?"

"नेवी ब्लू, आंटी." मुलगी थांबलीही नाही धड.

"मोबाइल बघून बघून डोळे गेलेत यांचे," अरुणाताई म्हणाल्या. मग कठड्याला टेकून चहा पिणाऱ्या एका सरदारजींकडे वळल्या. "भाईसाहब, ये साड़ी किस रंग की है?"

"नीली है जी. बढ़िया नीली. बेचनी है क्या?"

अपूर्वाला हसू आलं. आईचा चेहरा बघून ते तिथेच थांबलं.

अरुणाताईंनी साडी कठड्यावर ठेवली. पिशवीतून दुसरी काढली. तेच सूत, तीच किनार, तशीच घडी.

"आणि ही?" त्यांनी अपूर्वाला विचारलं.

"ही काळी."

"खात्रीने?"

"बिल्कुल, आई."

त्यांनी दोन्ही साड्या एकमेकींना लावून ठेवल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. वाकून बघितलं. बाजूला होऊन बघितलं. त्यांची सावली कापडावर पडत होती, म्हणून फिरून पलीकडे गेल्या.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात गं," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"आई, डोळे दाखवून घेऊ ना. मोतीबिंदू असेल. आजकाल अर्ध्या तासाचं काम असतं."

"विनयाला काही बोलली नाहीस ना?"

"मलाच आत्ता कळतंय."

"मग थांब. आधी मला नीट बघू दे. दोन्ही साड्या घे. पाठीमागे ने, अदलाबदल कर आणि पुढे धर."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत."

अपूर्वाने साड्या पाठीमागे नेल्या आणि पुढे आणल्या. अरुणाताईंनी घाई केली नाही. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सरदारजींचा चहाचा पेला हातातच राहिला होता.

"ही काळी." त्यांनी उजव्या हातातल्या साडीवर बोट ठेवलं.

अपूर्वाच्या त्या हातात निळी होती. सरदारजींनी मान फिरवली.

दुकानाच्या दारातून विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, दूसरा वाला पॅक कर दूँ?"

"रुकिए, भैया," अरुणाताई म्हणाल्या. बोट अजून साडीवरच होतं. मग ते त्यांनी उचललं.

"अजून एकदा कर," त्या अपूर्वाला म्हणाल्या.

अपूर्वाने दोन्ही साड्या पुन्हा पाठीमागे नेल्या.