समजा

“मी सोडते, ताई,” रोशनी फोनवर म्हणाली. “परवाचा पेपर मी देतच नाही.”

भर दुपारी ती कोरीट गावातल्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, उभी होती, कारण रेंज तिथेच यायची. खाली तिची आई, दगूबाई, तिचे कपडे पिशवीत भरत होती. दहावीच्या गणितात रोशनी एकदा नापास झाली होती. ही फेरपरीक्षाही गेली की शाळा संपली. मग सुरतच्या मिलमध्ये कामाला असलेल्या दोघा भावांच्या खोलीवर स्वयंपाकाला जायचं, असं घरात ठरलं होतं. निकालापर्यंत थांबायचीही गरज आईला वाटली नव्हती. पोरीची तिला दया येत नव्हती असं नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी ओतून तीही थकली होती.

फोनच्या पलीकडे जिया होती, नंदुरबारच्या कापड दुकानदाराची बारावीतली मुलगी. पास झालेल्यांनी नापास झालेल्यांना फोनवर गणित शिकवायचं, असा गट काही शाळांनी मिळून केला होता. नियम एकच, बोलायचं शुद्ध मराठीत. जियाच्या घरात मारवाडी, दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी. शुद्ध मराठी ती गणवेशासारखी चढवायची. रोशनीच्या घरीही अहिराणीच, तिचंही तेच. दोघी सभ्यपणे बोलत, दोघी अवघडून बसत, आणि गणित जागचं हलत नसे.

“एक शेवटचं उदाहरण कर,” जिया म्हणाली. “मग सोड. बाप मुलापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा आहे. दोघांच्या वयांची बेरीज चाळीस. आता समजा, मुलाचं वय एक्स.”

रोशनीला रडूच फुटलं. हुंदके आवरत नव्हते आणि शुद्ध मराठीही आवरली नाही.

“तेच तं मले समजत नही, ताई. तुम्ही सांगतस समजा, सर सांगेत समजा. मी किती समजू? सर इचारेत, ‘समजलं?’ बठ्ठा वर्ग ‘हो’ म्हने. एक्स म्हंजे काय ते मले एकलीलेच कधी समजनं नही. मी ढ शे.”

रडणं ऐकून दगूबाई शिडीवरून अर्धी वर आली आणि तिथेच थांबली.

जियाला आधी काही कळेना. मग कळलं. महिनाभर ती या पोरीला रोज समजा, समजा म्हणत होती. आणि ही बिचारी तो हुकूम पाळायला जिवाचं रान करत होती.

नियम गेला खड्ड्यात. जिया दुकानातल्या भाषेत बोलली.

“रोशनी, समजा म्हंजे समजी ले असं नही वं. समजा म्हंजे धरी ले. पोऱ्यानं वय आपले म्हाईत नही. म्हनीसन उगाच एक नाव धरी लिधं, एक्स. बस.”

जियाला वाटलं, फोन कटला. मग पुटपुटणं ऐकू आलं. पोऱ्या एक्स. बाप एक्स आनि चोवीस. दोन्ही मिळून चाळीस.

“पोऱ्या आठना,” रोशनी म्हणाली. “बाप बत्तीसना.”

“बरोबर,” जिया म्हणाली.

पण रोशनीला उत्तराचं काही पडलेलंच नव्हतं. ती दुसराच काही हिशेब करत होती.

“म्हंजे एक्स काय शे, ते तुमले म्हाईत नव्हतं?”

“नही.”

“वर्गना बाकी पोरेसले?”

“कोनलेच नही.”

रोशनीने ओढणीने नाक पुसलं आणि शिडीवर उभ्या असलेल्या आईकडे बघत अगदी हळू विचारलं, “सरलेबी नही?”