पानांचा अर्क

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना खिडकीतून एकच झाड दिसायचं, आईनं लावलेलं जास्वंदीचं. लेकीच्या पीएचडीचा विषय नेमका तोच: जास्वंदीच्या पानांचा अर्क वापरून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे पिठाहून बारीक पांढरी पूड तयार करायची. येता-जाता ती पिशवीभर पानं ओरबाडून न्यायची.

"ने गं, पुन्हा फुटतील," बाबा म्हणायचे.

या वर्षी फुटली नाहीत. खिडकीत नुसत्या काड्या उरल्या.

प्रबंध मंजूर झाला, त्या दिवशी तिनं गाइड सरांना सहज विचारलं, "सर, एकदा पानांशिवाय करून बघायला हवं होतं, नाही?"

"मी केलं होतं की, तू यायच्या आधीच. झिंकच्या द्रावणात कॉस्टिक सोडा ओतला की तळाशी पूड बसतेच. हुबेहूब तशीच."

"मग पानं कशाला?"

सर मनापासून हसले. "अगं, पानांशिवाय पेपरच्या शीर्षकात 'हरित' कसं लिहिणार? आणि हरित नसेल तर छापतंय कोण?"

ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीकडेच तोंड करून पडले होते.

"झालं का गं तुझं काम?"

"हो बाबा. डॉक्टर झाले."

"चला," बाबा काड्यांकडे बघत म्हणाले, "झाडाचं चीज झालं."