मेणाची दाढ

"मूठ वळ बघू," मला तपासायला घरी आलेले विमा कंपनीचे डॉक्टर म्हणाले. माझी बोटं वळली, अंगठा मात्र रुसलेल्या जावयासारखा बाजूलाच बसला.

मी डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला. सहा महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि उजव्या हाताची नस दुखावली. कॉलेजनं आम्हा सगळ्यांचा अपंगत्वाचा विमा काढलेला होता. हा हात दातांचं काम कधीच करू शकणार नाही, असं या डॉक्टरांनी लिहिलं की पैसे मिळणार होते. "डॉक्टरकी गेली ती गेली, पैसे तरी पदरात पडू देत," म्हणत आईनं सकाळीच पेढे आणून ठेवले होते. मला ते बघवत नव्हते.

डॉक्टरांनी माझ्या टेबलावरचा मेणाचा ठोकळा पुढे सरकवला. "यातूनच दाढा कोरायला शिकता ना? कोर एक."

त्यांच्या पाठीमागून आई मानेनं 'नाही, नाही' खुणावत होती. मी कोरायची सुरी उचलली, ती निसटली. उचलली, पुन्हा निसटली. मग मला असा काही संताप आला, की अंगठ्यानं ती गच्च धरली! मेणाचा कीस पडू लागला, दाढेचा पहिला उंचवटा वर आला.

"अगं, अंगठा हलला की गं!" खुणा विसरून आईच किंचाळली.

"क्लेम नामंजूर," डॉक्टर हसून म्हणाले. आम्ही दोघींनी गिरक्या घेतल्या आणि आईनं त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"आई गं!" डॉक्टर गाल धरून कळवळले.

माझा उजवा हात केव्हाच दात तपासायच्या आरशाकडे गेला होता.

"आ करा बघू," मी म्हणाले.