गरम चाक

चाक गरम होतं.

स्वरूपने हात मागे घेतला, पुन्हा लावला. अलॉयच्या दांड्यांमागची ब्रेकची डिस्क तर चटका देत होती. गाडी मात्र फणसाच्या सावलीत, त्याने पंधरा दिवसांपूर्वी लावली होती तशीच उभी.

मागच्या खेपेला चाकं नको तितकी स्वच्छ होती. उभ्या गाडीवर जांभ्याची लाल धूळ बसायला हवी, खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर हवा. काहीच नव्हतं. तेव्हापासून मुंबईत त्याचं लक्ष लागेना. म्हणून या वेळी न कळवता आला होता, स्टेशनवरून रिक्षा करून.

आज चाकांवर ब्रेकची ताजी काळी भुकटी होती. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली आणि त्याचाच मऊ ब्रश. तापल्या चाकावर पाणी मारलं की डाग पडतात. ते निवायची वाट बघणारा माणूस जाणकार होता.

घरात गाडी चालवणारं कुणी नव्हतं. बायको, दर्शना, शिकते म्हणाली तेव्हा त्यानेच नको म्हटलं होतं.

आई पडवीत बसली होती. कमरेला लावायची चौकोनी उशी मांडीवर.

"आलास? कळवायचं तरी. बांगडे जास्त आणले असते."

"कुणी आणले?"

"मी. बंदरावरनं."

"कशी गेलीस?"

"जाते तशी."

"आई, गाडीचं चाक गरम आहे."

"मग? ऊन काय कमी हाय?"

फणसाखाली उन्हाचा कवडसाही नव्हता.

दर्शना दारात आली. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. स्वरूपची नजर पायरीवर गेली. चपला दोघींच्याच होत्या.

"कोण येतं गाडी चालवायला?"

"बाहेरचं कुणी येत नाही."

"मला नाव पाहिजे."

"नाव नाही सांगणार. शब्द दिलाय मी."

स्वरूपला तेवढं पुरे झालं.

"बॅग भर," तो म्हणाला. "संगमेश्वरला सोडतो. राहा माहेरी."

"आधी जेव," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी कसले निवाडे करतोस?"

"तू मध्ये पडू नकोस."

दर्शना वाद न घालता आत गेली. स्वरूप अंगणात येरझारा घालत राहिला. ती रडेल, पाया पडेल, नाव सांगेल, असं त्याला वाटत होतं. ती बॅग घेऊन आली आणि गाडीपाशी उभी राहिली. डोळे कोरडे.

त्याने पडवीतल्या खुंटीवरची किल्ली काढली. ती हातातून निसटली. उचलली, पुन्हा निसटली.

या वेळी ती आईने उचलली.

"हात बघ कसा कापतोय. असल्या हातानं कोण हायवेला जातं? सरक."

त्याला वाटलं, आई किल्ली लपवून ठेवणार. ती पायऱ्या उतरली, चपला तिथेच राहू दिल्या, पदर कमरेला खोचला. उशी ड्रायव्हरच्या सीटवर नीट मांडली.

"दर्शना, बस पुढे."

ज्या अरुंद फाटकातून स्वरूपला दरवेळी पुढेमागे करावं लागे, तिथून गाडी एका दमात उलटी बाहेर पडली. रस्त्यावर थांबली. काच खाली झाली.

"बादली सांडू नकोस रे. तिन्हीसांजेला येतो दोघी. चाकं निवली की धुवीन."