तेजलची बारावी

"मासेमारी द्वितीयक व्यवसायात येते, सर," तेजल म्हणाली.

कॉस्मस सरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. दहिसरच्या कॉलेजात उभा जन्म बारावीला भूगोल शिकवला, पण असला दगड कधी नशिबी आला नव्हता! शब्द डोक्यात लख्ख होता, ओठांशी येऊन अडत होता.

"प्रा... प्रा..."

"प्रादेशिक?"

"प्राथमिक!" सर ओरडले.

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, तेरेसाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

पक्षाघातानंतर सरांचा हात सुधारला, पाय सुधारला, वाचा मात्र गेली ती गेलीच. बोलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल, असं डॉक्टर सांगून थकले. पण लहान पोरासारखं 'आई', 'पाणी' घोकायचं? ज्यांच्या आवाजाने मागचे बाक गप्प व्हायचे, त्या माणसाला लाज वाटायची. त्यांनी तोंडच मिटून घेतलं. पाहुणे आले की भिंतीकडे वळून बसायचे. तेरेसा एकटीच रडून घ्यायची.

मग ही पोरगी आली. गावठाणातल्या कुणाच्या तरी ओळखीची, असं तेरेसा म्हणाली. दोनदा बारावीत आपटलेली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणार होती.

"सर, ह्या वेळी नापास झाले तर घरचे शिकू देणार नाहीत हो!"

सरांना नाही म्हणता येईना. खरं तर त्यांना काहीच म्हणता येत नव्हतं.

पोरगी भलतीच ढ निघाली. स्थलांतर म्हणजे पक्षी जातात ते, म्हणे! वही उघडायची नाही, नुसती सरांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. वर आणि "कळलं नाही सर, परत सांगा ना!" सर चिडायचे, परत सांगायचे. आधी एकेक शब्द, मग अर्धं वाक्य. सकाळी दाढी करताना आरशासमोर तिचा धडा म्हणून बघायचे. आपल्या जिभेपायी ह्या मुलीचं वाटोळं होता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

पेपरच्या आदल्याच दिवशी तेरेसाने त्यांना तपासणीसाठी बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. सर धुमसत होते. पोरगी घरी येऊन तशीच परत जाणार!

"काय सर, कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लवकर... लवकर करा," सर म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनीचा उद्या भूगोलाचा पेपर आहे. स्थलांतर अजून कच्चं आहे तिचं."

तेरेसाने तोंडाला रुमाल लावला. डॉक्टर उठले आणि त्यांनी शेजारच्या वाचा-उपचार कक्षाचं दार ढकललं.

"मॅडम, या बाहेर. तुमचे पेशंट बोलले!"

पांढऱ्या कोटातली तेजल दारात येऊन उभी राहिली.