चार खाटा

जग बुडायला नऊ दिवस उरलेत, अशी सुताराची खात्री होती. तळघरात त्याने वर्षभराचं धान्य भरलं, पाणी साठवलं, खाटा ठोकल्या. औषधांचं काम निवृत्त नर्स असलेल्या आईकडे दिलं. "मागच्या वर्षीही बुडणार होतं ना रे?" असं चिडवत तिने डबे भरले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: मुलगा, सून, नात, नातू. सुताराने डबे तपासले. "आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या कुठेत?" "माझ्या वर घरातच राहू देत." "वर कशाला?" तिने चष्मा पुसला. "खाटा चारच आहेत, बाळा. मोजल्या मी." धान्य चौघांनाच पुरेल, हे तिला सांगणं तो महिनाभर टाळत होता. तीच म्हणाली, "लाकूड कमी पडलं असेल." त्याची मान वर होईना. तिच्या मागे भिंतीला टेकून सहा कोऱ्या फळ्या उभ्या होत्या.