पोटातली गोष्ट

न्हाणीघरामागे लपून पावसकरांनी विडीचा पहिला झुरका घेतला, तोच त्यांचं पोट खणखणीत आवाजात म्हणालं, "धूर आढळला. डॉक्टरांना कळवत आहे."

"हळू बोल गं बाई!" पावसकरांनी पोटावर टॉवेल दाबला. मार्चमध्ये त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी सुजून फुग्यासारखी झाली होती आणि आतडी तिला चिकटली होती. सर्जनबाईंनी सहा तास खपून ती सोडवली, फुगा कापला आणि त्या जागी ही बोलकी नळी शिवली. 'पुन्हा विडी ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका,' असंही बजावलं.

पावसकरांनी घाईघाईने विडी चिरडली.

"धूर थांबला," नळी म्हणाली. "पण रक्तदाब अचानक एकशे नव्वद. कारण कळत नाही."

कारण कंबरेवर हात ठेवून समोरच उभं होतं.

"चाळीस वर्षं सगळं पोटात ठेवलंत," त्यांची बायको शालिनीबाई म्हणाल्या, "शेवटी पोटच फितूर झालं ना?"